बोलता न येणाऱ्या वडिलांची स्मृती कशी तपासायची?

सांगलीतल्या एकांनी विचारलंय, वडिलांना अर्धांगवायूनंतर एमएमएसईत (स्मृती, भाषा वगैरे तपासणारी छोटी चाचणी) ३० पैकी ९ गुण मिळाले, म्हणजे स्मृतिभ्रंश का? इतक्यात तसं धरू नका. ती चाचणी बरीचशी बोलून-लिहून द्यायची. वाचाघातात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडते तेव्हा, गुण कमीच येणार. ऑक्सफर्ड कॉग्निटिव्ह स्क्रीन या अर्धांगवायूच्या रुग्णांसाठीच्या चाचणीत बरीच उत्तरं बोटाने दाखवता येतात, साधारण १५ मिनिटं लागतात. डॉक्टरांकडे तिची चौकशी करा.

घरी अंदाज घ्यायचाय? चष्मा लावा, ‘डोळे मिटा’ एवढं कळतंय का बघा. मग तांब्या, किल्ली, बेदाण्याची पुडी दाखवून झाका. पाच मिनिटांनी त्यांत दुसऱ्या तीन मिसळून सहा वस्तूंतून आधीच्या ओळखायला सांगा. वस्तू उभ्या ओळीत मांडा, आडव्या मांडल्या तर एका बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्याला अर्ध्या दिसतच नाहीत. बोट दर वेळी त्याच जागी जात असेल तर ते उत्तर धरू नका.