दोन हातांची तलवार: पातं आणि मूठ वेगवेगळी बघा

आजोळच्या माळ्यावर सापडलेल्या लांब, सरळ तलवारीचे फोटो टाकून तुम्ही विचारलंय की ही युरोपातली दोन हातांनी चालवायची तलवार आहे का, आणि पात्यावर 1414 आहे म्हणजे ती सहाशे वर्षांची धरायची का.

1414 हे साल नव्हे. जर्मनीतल्या झोलिंगेनची पाती घडवणारे असे आकडे पिढ्यान्‌पिढ्या घालत आले. त्याच्या शेजारी पितळेने भरलेल्या चार-सहा रेघांचा जो प्राणी तुम्हाला कुत्रा वाटला, तो लांडगा. ती खूण मुळात पासाऊ गावची, पुढे झोलिंगेनवाल्यांनी उचलली.

मूठ मात्र दख्खनी आहे. युरोपातल्या खऱ्या दोन हाती तलवारीची मूठच दोन्ही पंजे मावतील इतकी लांब असते आणि तिच्या खाली मोठी आडवी दांडी. तुमच्या तलवारीला बोटांवरून वळलेली परज आहे, वर वाटी आहे आणि वाटीतून निघालेला गज आहे. गजाला दुसरा हात लावून वार करता येतो, त्यामुळे तुम्हाला दोन हातांची शंका आली ती रास्तच. हिला फिरंग म्हणतात. आपल्याकडे धोपही म्हणतात. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या युरोपी पात्यांना इथले कारागीर इथल्या मुठी चढवत. 1875-76 च्या दौऱ्यात कोल्हापूरहून ब्रिटिश युवराजाला भेट गेलेल्या तलवारीचंही पातं युरोपी आहे, त्यावर येशूच्या नावाची 'आयएचएस' ही अक्षरं तीनदा आहेत. तेव्हा 'मूळ कुठलं' याची उत्तरं दोन येतात, एक पात्याचं आणि एक मुठीचं.

आता अस्सलपणा. लांडगा दिसला म्हणून पातं जर्मन असं लगेच म्हणू नका. चांगल्या खुणांची नक्कल त्या काळीही होत होती. इटलीतल्या जेनोआ शहराचं नाव आणि दातेरी चंद्रकोरींची जोडी तर इथल्या लोहारांनीही पात्यांवर ठोकली, कित्येकदा अक्षरं उलटसुलट करून. म्हणजे खूण नकली आणि पातं तरीही अस्सल जुनं, असंही निघतं. मी स्वतः खुणेपेक्षा पात्याच्या जाडीवर जास्त विश्वास ठेवतो. मुठीपासून टोकापर्यंत दर वीतभर अंतरावर जाडी मोजा. लढाईचं पातं टोकाकडे पातळ होत जातं, म्हणून ते हातात हलकं वाटतं. शोभेसाठी पत्र्यातून कापलेलं पातं सगळीकडे सारखंच जाड असतं आणि टोकाकडे जड लागतं.

मग गंज बघा. जुना गंज काळपट, घट्ट आणि ठिकठिकाणी कमीजास्त असतो. आम्ल लावून 'जुनं' केलेल्या पात्यावर खड्डे सगळीकडे एकसारखे दिसतात, मुठीच्या सांध्यातसुद्धा. सांध्यात लाखेसारखं काही दिसतं का, पात्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांचे रिव्हेट हाताने ठोकलेले आहेत का, तेही बघा. वेल्डिंगची रेघ दिसली तर निदान मूठ तरी अलीकडे बसवलेली आहे.

आणि कृपा करून घासू नका. सुरुवातीच्या काळात मी एका पात्याला पॉलिश पेपर मारला आणि पितळी खूण अर्धी उडाली. ते पातं कुठलं हे आता कधीच ठरणार नाही. मऊ कापडाने धूळ पुसा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, बस.

ही तलवार शंभर वर्षांहून जुनी ठरली तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती तुम्हाला देशाबाहेर पाठवता येणार नाही. परदेशातल्या कुणी किंमत विचारली तर हे आधीच सांगा.

पात्याच्या दोन्ही बाजूंचे, मुठीच्या सांध्याचे आणि गजाच्या बुंध्याचे फोटो तिरप्या उजेडात काढून टाका. जाडीची मापंही लिहा, मग पुढचं बोलू.