ब्रेकचे होज (चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारे रबरी पाइप) घरी बदलतोयस तर
रबराला भेगा दिसतायत ना, मग पुढचे दोन्ही होज एकदमच बदल रे, एकच नको. आपल्या गोव्यात खारी हवा नि चार महिने पाऊस, होज लोखंडी पाइपला जोडणारा नट गंजून धरलेलाच असणार, आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मार आणि फ्लेअर नटचाच पाना (नटाला जवळजवळ चहूबाजूंनी धरणारा) घे, साध्या पान्याने कोपरे गोल होतात नि मग अख्खा लोखंडी पाइप बदलायची पाळी येते. नुसत्या जॅकवर काम करू नको, गाडीखाली स्टँड लावच! होजच्या जोडाचे कॉपर वॉशर नवेच टाक. होजला पीळ नको, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून कुठे घासतोय का बघ. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू. ब्रेकच्या पाइपांतली एअर काढताना ब्रेक ऑइलची टाकी रिकामी पडू देऊ नको. पेडल घट्ट लागलं तरच गाडी अंगणाबाहेर काढ, तीही हळू, चोर्ला घाट नंतर.