ए बी एच, एम सी ओ, टी ई ? : या चौकटीत शेवटी कोणतं अक्षर येईल आणि ते कसं शोधायचं?

उत्तर एक्स.

वाय, एन, एक्स, एफ या चार पर्यायांतून तुमच्या मुलीने वाय निवडला, आणि ती तिथे कशी पोचली ते कळतं. टी विसावा, ई पाचवा, बेरीज २५, पंचविसावं अक्षर वाय. पण हाच हिशेब पहिल्या ओळीला लावून पाहा. ए आणि बी, म्हणजे १ अधिक २, सी यायला हवा होता. तिथे एच आहे. सुटलेल्या दोन ओळी समोर असताना सुचलेला नियम आधी त्यांच्यावर तपासायचा, मगच तिसरीला हात घालायचा. स्कॉलरशिपच्या तयारीत मी मुलांच्या मागे सगळ्यात जास्त लागते ती याच सवयीसाठी.

आकडे जमले नाहीत की अक्षर वाचायचं थांबवायचं आणि त्याच्याकडे आकृती म्हणून बघायचं. भाच्याला शिकवताना मी वहीच्या पानाचे चौकोनी तुकडे केले, प्रत्येकावर स्केचपेनने एक मोठं अक्षर काढलं आणि घडी घालून खिडकीच्या उजेडात धरायला लावलं. ए उभा दुमडला की डावा पाय बरोबर उजव्यावर बसतो. बी तसा बसत नाही, पण आडवी घडी घातली की वरचं पोट खालच्या पोटावर येतं. एच दोन्ही घड्यांना जुळतो. दुसऱ्या ओळीतही तेच: एम उभा, सी आडवा, ओ दोन्हीकडून. तिसरीत टी उभा, ई आडवा, म्हणून शेवटी दोन्ही सममिती अक्ष असलेलं अक्षर हवं. वायला फक्त उभी घडी चालते, एफला कुठलीच नाही.

खरा चकवा एन. तो अर्धा फिरवला की जसाच्या तसा दिसतो, त्यामुळे भाचा त्याच्यावरच अडून बसला होता. उभी घडी घालून उजेडात धरल्यावर तिरकी रेघ स्वतःवर बसली नाही, बाणाच्या टोकासारखी फाकली. मग त्याने स्वतःच तो खोडला.

परीक्षेत अर्थातच कागद दुमडायला वेळ नसतो. ७५ प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एकाला सव्वा मिनिटही नाही. म्हणून सव्वीसच्या सव्वीस अक्षरं घरी एकदा हाताने दुमडून होऊ द्या. दोन्ही घड्या जुळणारी चारच निघतील: एच, आय, ओ, एक्स. आरशातील प्रतिमा आणि पाण्यातील प्रतिबिंब हे प्रश्नही याच घड्यांवर सुटतात. उभ्या घडीची अक्षरं आरशात बदलत नाहीत, आडव्या घडीची पाण्यात.

तिला गोडी लागली तर देवनागरीही दुमडायला द्या. शिरोरेखा फक्त वरच असल्यामुळे आडवी घडी कुठल्याच अक्षराला जुळत नाही. उभ्या घडीचं अक्षर शोधताना भाच्याने अख्खी दुपार घालवली, आणि संध्याकाळी ‘ठ’ लिहिलेला कागद नाचवत स्वयंपाकघरात आला.