वाचकांचे प्रश्न : सहा तारांवरचे संयोजन

प्रश्न : आमच्या घरी भजनाची परंपरा असल्यामुळे पेटी आणि पखवाज कानात बसलेले आहेत. मुलगी बेळगावला गिटार शिकू लागल्यापासून पाश्चात्त्य अभिजात रचना व लोकप्रिय गाणी एकट्या गिटारवर वाजवलेली ऐकतो. चाल, साथ आणि खर्ज एकाच वाद्यातून कसे निघतात, दाद नेमकी कशाला द्यावी, आणि अभंगही असा बसवता येईल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : अंगठा जाड तारांवर खर्ज, म्हणजे सर्वांत खालचे स्वर, सांभाळतो आणि उरलेली बोटे बारीक तारांवर चाल व मधले स्वर छेडतात, हे रियाजाने साधते. खरी दाद त्याआधीच्या कामाला, म्हणजे संयोजनाला द्यावी : मूळ रचना कोणत्या पट्टीत आणली, कोणते स्वर राखले आणि कोणते सोडले, या निवडीला. कुमार गंधर्व ज्या सुळेभावीत जन्मले, त्या आपल्या मुलखातला कान एकाच चालीमागे जायला सरावलेला असल्याने ही निवड चटकन लक्षात येत नाही.

स्पॅनिश रचनाकार इसाक अल्बेनिझ यांची ‘आस्तुरियास’ ही रचना मुळात पियानोसाठी, जी मायनर या पाश्चात्त्य पट्टीत लिहिलेली आहे. गिटारवर ती ई मायनरमध्ये वाजवतात आणि तेवढ्यानेच ती जणू याच वाद्यासाठी जन्मलेली वाटते, कारण आरंभी सतत घुमणारा पंचम आता दुसऱ्या मोकळ्या तारेवर येतो आणि डावा हात जाड तारांवरील चालीसाठी रिकामा राहतो. एकदा केवळ अंगठ्याच्या स्वरांकडे लक्ष देऊन ती ऐकावी.

जर्मन रचनाकार बाख यांची एकट्या व्हायोलिनसाठीची रचना ‘शाकोन’ स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी १९३५ साली पॅरिसमध्ये गिटारवर सादर केली. गजाला चारही तारा एकदम धरता येत नाहीत, म्हणून व्हायोलिनवर स्वरसमूह तुटून येतो, तो गिटारवर सलग वाजतो. उलट गजाने लांबवता येणारा स्वर गिटारवर छेडताक्षणीच ओसरू लागतो. ही उणीव खर्जाच्या स्वरांनी भरताना मूळ रचनेचे सडपातळ रूप गुदमरणार नाही, इतका संयम ज्या संयोजकाजवळ असतो त्याला मी मोठा मानतो. लोकप्रिय गाण्यांत चाल सर्वांना पाठ असते, त्यामुळे कस मधल्या स्वरांत लागतो. जपानी रचनाकार तोरू ताकेमित्सु यांनी १९७७ मध्ये गिटारवर बसवलेली बारा गाणी, ज्यांत बीटल्सचीही आहेत, याच कानाने ऐकण्याजोगी आहेत.

अभंग जरूर बसवता येतो. सहावी तार एक स्वर उतरवून पेटीच्या पांढरी दोनला षड्ज धरला, तर सहावी, पाचवी आणि चौथी या मोकळ्या तारा सा, प, सा देतात आणि तंबोऱ्याचा आधार आपोआप मिळतो. चाल भूप रागातली असेल तर मात्र तिसरी तार मोकळी वाजवू नये, कारण ती मध्यम देते. त्याच कारणाने गाण्यांत सर्रास येणारे मध्यमावरचे आणि पंचमावरचे कॉर्डही (एकत्र वाजणारे स्वरसमूह) टाळावेत, कारण पहिल्यात मध्यम आणि दुसऱ्यात निषाद असतो, आणि भूपात दोन्ही वर्ज्य आहेत.

अवघड आहे ती मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे. गिटारवर रागसंगीत वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून तारांवरून धातूची कांडी सरकवत ती साधली, पण त्या पद्धतीत एकाच वेळी अनेक स्वर सांभाळणे फार कठीण जाते. मुलीने गिटारच्या पडद्यावर (फ्रेटवर) तार ओढून मिळेल तेवढीच मींड घ्यावी, आणि जिथे ती मिळत नाही तिथे कणस्वरावर, म्हणजे मुख्य स्वराआधी शेजारच्या स्वराला केलेल्या ओझरत्या स्पर्शावर, भागवावे.