फ्लेवर्ड चहा म्हणजे हलक्या पानाला लावलेलं अत्तर, हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की सुट्या पानांचे चार फ्लेवर्ड चहा आणले, पण सगळे सारखेच लागतात, तर चव घ्यायची कशी. आणि जाता जाता लिहिलंय की तुमचा मित्र म्हणतो, चांगल्या पानाला अत्तर लागत नाही, फ्लेवर म्हणजे हलका माल खपवायची युक्ती. चव घेण्याबद्दल जमेल तेवढं खाली सांगते. पण मी लिहायला बसले ती मित्राच्या वाक्यामुळे. हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत मी लहानपणापासून ऐकत आलेय, माझ्या थोरल्या मामांकडून.

मामा कोलकात्यात एका चहाच्या दलाल पेढीत टी टेस्टर होते. कोलकात्यात चहाचा लिलाव १८६१ पासून होतो. बोली लागण्याआधी प्रत्येक मालाचा नमुना कुणीतरी चाखून त्याची किंमत ठरवावी लागते. ते काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. हंगामात दिवसाला शेकड्यांनी कप. भुरका मारायचा, तोंडात फिरवायचा, पिकदाणीत थुंकायचा, दोन शब्द बोलायचे, पुढचा कप. सुट्टीत मिरजेला आले की आमच्या घरात चहा करायची कुणाची हिंमत होत नसे.

१९८१ साली त्यांनी आईला दार्जिलिंगचा एक डबा दिला होता. आईने तो जिवापाड जपला. पाहुण्यांसाठी म्हणून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवला, गोडा मसाला आणि हिंगाच्या शेजारी. पुढच्या वर्षी मामा आले तेव्हा तिने त्याच डब्यातला चहा केला. मामांनी एक भुरका मारला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "टेंटेड." चाखणाऱ्यांच्या भाषेत बाहेरचा वास लागलेल्या चहाला हा शब्द आहे, आणि तो शब्द लागला की माल पडला. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण तिला कळलं. तिने तो डबा गुपचूप कुंडीत रिकामा केला. मला त्या दिवसाचा राग अजून आहे, हे उघड सांगते.

पण त्या एका शब्दात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. सुकवलेलं चहाचं पान आजूबाजूची ओल आणि वास ओढून घेतं. हिंगाशेजारी ठेवलं तर हिंग, कापराशेजारी ठेवलं तर कापूर. व्यापारात हा दोष. चीनमधल्या फूज्येन प्रांतातल्या लोकांनी याच दोषाचं कौशल्य केलं. तिथल्या फुझौ शहराचा जास्मिन चहा पानाच्या या एका स्वभावावर उभा आहे. (जास्मिन म्हटलं की आपल्याकडे जाई समजतात. चहाला लागतो तो आपला मोगरा.)

तो कसा करतात ते सविस्तर सांगते, कारण "अत्तर लावतात" म्हणणाऱ्यांनी हे ऐकलेलं नसतं. हिरवा चहा वसंतात होतो, मोगरा फुलतो उन्हाळ्यात. म्हणजे पान आधी तयार करून फुलांची वाट पाहत ठेवायचं. कळ्या दुपारच्या उन्हात, मिटलेल्या असतानाच खुडायच्या. त्या संध्याकाळनंतर उमलायला लागतात आणि वास सोडतात तोही रात्रीच. त्या वेळी पान आणि कळ्या एकत्र करून ढीग लावतात. ढीग आतून तापतो, म्हणून मध्यरात्री उठून तो पसरायचा, निववायचा, परत लावायचा. सकाळी फुलं चाळून काढून टाकतात, कारण त्यांचं काम झालेलं असतं. पानाने वासाबरोबर फुलांची ओलही घेतलेली असते, म्हणून ते पुन्हा सुकवतात. मग नवी फुलं, पुन्हा तेच. उत्तम मालाला हे सहा-सात वेळा, कधी त्याहून जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ साली फुझौच्या या मोगरा-चहाच्या शेतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिलं ते उगीच नाही. आपल्याकडेही फुलेल तेलासाठी तीळ फुलांच्या थरात असेच दिवसचे दिवस ठेवतात. त्याला कुणी तिळाची फसवणूक म्हणत नाही.

हे मी आधी घरी करून पाहिलं. अंगणात मोगरा आहे. साधा हिरवा चहा आणला, रात्री पातेल्यात पान आणि कळ्यांचे थर दिले, वर फडकं बांधलं. सकाळी फडकं सोडलं तर घरभर वास. फुलं वेचली, पान बरणीत भरलं. सहाव्या दिवशी बरणीत बुरशी. ओलीचा विचारच केला नव्हता. दुसऱ्या खेपेला पान जाड बुडाच्या कढईत, अगदी मंद आचेवर, हाताला सोसेल इतकंच तापवून सुकवलं, आणि असं तीन रात्री केलं. वास हलका आला, पण पानाच्या आत मुरला होता. तुमच्याकडे मोगरा असेल तर मे महिन्यात हे एकदा करा. फ्लेवर्ड चहा म्हणजे काय ते चार पुड्या पिऊन कळणार नाही इतकं त्या तीन रात्रींत कळेल.

२०१२ च्या मे महिन्यात बोटीवर नोकरी करणारा माझा भाचा चीनमधल्या शियामेन बंदरातून अस्सल जास्मिन चहाचा डबा घेऊन आला. मामा तेव्हा निवृत्त होऊन मिरजेतच राहायला आले होते. मी ठरवलं, आता दाखवायचंच.

मामांनी आपला पेढीतला संच काढला. झाकणाचा पांढरा कप, काठाला कंगव्यासारखे दाते, शेजारी वाटी. त्यांच्या पद्धतीने अडीच ग्रॅम पान, वर सळसळतं उकळतं पाणी, पाच मिनिटं झाकण. मग कप आडवा करून चहा वाटीत गाळायचा आणि भिजलेलं पान उलट्या झाकणावर काढायचं. भुरका मारून म्हणाले, "कडू. आणि वर अत्तर." पेढीतला जुना निकाल परत मिळाला.

त्या वेळी मी नुसती चिडले. उमगलं नंतर. मामांची रीत माल विकत घेण्याची आहे, चहा पिण्याची नाही. लिलावाचा टेस्टर चहाला मुद्दाम छळतो. उकळतं पाणी आणि लांब वेळ यासाठी की पानात असलेला प्रत्येक दोष वर यावा. त्या परीक्षेत हिरवं पान कडू होणारच. चहाची अंगझडती घेऊन मग तो हसत का नाही म्हणून विचारण्यासारखं आहे ते.

मी उठले आणि माझ्या पद्धतीने केला. उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतलं, म्हणजे साधारण ८० अंशांवर येतं. दोन मिनिटं. गाळून दिला. मामांनी या खेपेला थुंकला नाही, गिळला. काही बोलले नाहीत. मी त्याच पानावर दुसरं पाणी घातलं, मग तिसरं. तिसऱ्या पाण्याला मोगरा जवळजवळ गेला होता आणि खालचं पान बोलायला लागलं होतं, गोडसर, ओल्या मक्याच्या कणसासारखं. त्यांनी झाकणावरची पानं बोटाने उलगडली. अख्खी कोवळी पानं आणि कळ्या. म्हणाले, "पान बरंय."

एकतीस वर्षं चहा चाखलेल्या माणसाचं "बरंय" म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पण लगेच पुढे, "पान एवढं बरं आहे तर फूल कशाला?"

मी म्हटलं, "मामा, उन्हाळ्यात आपण माठात मोगरा टाकतो तो पाणी वाईट असतं म्हणून का?"

"माठातलं पाणी कुणी लिलावात काढत नाही," ते म्हणाले आणि उठून गेले. वाद तिथेच आहे, आजतागायत. मामा आता सत्त्याऐंशीचे आहेत आणि जिभेला अजून तितकीच धार आहे.

आता मामा आणि तुमचा मित्र कुठे बरोबर आहेत तेही सांगते, कारण ते पुष्कळ ठिकाणी बरोबर आहेत. बाजारातल्या बहुतेक फ्लेवर्ड चहात वास मुरवलेला नसतो, तयार पानावर तेल किंवा अर्क फवारलेला असतो. तेही आपोआप वाईट ठरत नाही. अर्ल ग्रे असाच होतो. त्यात बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असतं, आणि ते फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कलाब्रियात पिकतं. खरं तेल आणि दमदार काळं पान एकत्र आलं तर तो सुंदर चहा आहे. पण पुडीत चहापेक्षा रंगीत पाकळ्या आणि फळांचे तुकडेच जास्त दिसत असतील तर सावध व्हा. निळ्या पाकळ्या नुसत्या दिसायला असतात. सुकवलेल्या आंब्याचे चार तुकडे तीन मिनिटांत कपाला काही देत नाहीत, तुम्हाला येतो तो आंबा अर्काचा. "कुकीज", "केक", "गुलाबजाम" असलं नाव असलेल्या चहावर मी पैसे घालणार नाही.

ओळखायची खूण एकच, आणि ती मामांनीच नकळत शिकवली. दुसरं पाणी घाला आणि भिजलेलं पान बघा. पहिल्या कपात सगळा घमघमाट आणि दुसऱ्यात नुसतं मळकट पाणी, पानाच्या जागी चुरा आणि काड्या, तर तुमचा मित्र जिंकला. दुसऱ्या-तिसऱ्या कपात वास उतरला तरी चहा उरत असेल तर त्याला हा लेख वाचायला द्या.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. सगळे सारखे का लागतात? माझा अंदाज असा की चारही पुड्या एकाच डब्यात आहेत. पान वास ओढतं हे वर आलंच आहे. तुमच्या डब्यात चारही चहा एकमेकांना लागले असणार. प्रत्येकाला वेगळा, घट्ट झाकणाचा, उजेड आत न जाणारा डबा हवा. दुसरी शक्यता, तुम्ही ते आपल्या रोजच्या चहासारखे उकळताय. दूध-साखर घालून उकळायला आपला दाणेदार सीटीसी चहा आहे, आलं आणि गवती चहा त्यात झकास लागतात, आणि खरं तर तोही फ्लेवर्ड चहाच आहे. पण सुट्या अख्ख्या पानाला आचेवर ठेवायचं नाही. पाणी वरून ओतायचं, वेळ मोजायची, गाळून पान वेगळं करायचं. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम, आणि हे काट्यावर मोजा, कारण फुललेलं पान आणि गोळी वळलेलं पान चमच्यात सारखं मावत नाही. काळ्याला उकळतं पाणी आणि तीन मिनिटं, हिरव्याला वर सांगितलं तसं.

प्यायच्या आधी भिजलेल्या पानाचा वास घ्या, गरम असताना आणि निवल्यावर. मग एकदा नाक दाबून घोट घ्या आणि तोंडात असतानाच नाक सोडा. नाक बंद असेपर्यंत फक्त कडू-तुरट कळेल, सोडल्याबरोबर मोगरा येईल. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकात असतो, आणि भुरका मारायचा तो हवेबरोबर वास मागून नाकात चढावा म्हणून. एका बैठकीला दोनच चहा, शेजारी शेजारी. मोगऱ्याचा आधी, बर्गमॉट नंतर, आणि लापसांग सूचाँगसारखा पाइनच्या धुराचा असेल तर अगदी शेवटी, त्याच्यानंतर तासभर दुसरं काही कळत नाही. मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचे चुरमुरे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. बोअरचं जड पाणी असेल तर चहावर तवंग धरतो आणि वास दबतो, गाळलेलं पाणी वापरा. फळांच्या तुकड्यांवर मी वर तोडून बोलले, त्याला एक अपवाद आहे, लाल अंबाडीची बोंडं. ती खरोखर आंबटपणा आणि रंग देतात, मात्र त्यात दूध घातलं तर फाटतं. सुट्या पानाच्या चहात दूध मी नकोच म्हणेन, तरी दमदार अर्ल ग्रेमध्ये चमचाभर चालतं, पुष्कळ लोक आवडीने घेतात. जास्मिनमध्येही कॅफीन असतं, रात्री झोप लागत नसेल तर संध्याकाळनंतर नको. रक्तात लोह कमी असेल तर जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर कुठलाच चहा नको. आणि पहिल्यांदा ५० ग्रॅमहून जास्त घेऊ नका, हा वास काही महिन्यांत उतरतो, वर्षभर जपून ठेवायची ही वस्तू नाही.

डबे मात्र आजच मसाल्यांच्या कपाटातून बाहेर काढा.