चष्म्याच्या दुकानामागचं संग्रहालय

तुम्ही विचारलंय, 'धंदा सांभाळून कलेसाठी आणि शहरासाठी झटलेला, पण टाटा-किर्लोस्करांएवढा मोठा नसलेला कुणी व्यावसायिक सांगाल का?' माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव येतं: पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०).

घरचा व्यवसाय चष्म्यांचा. (त्यावरून 'नजर' या शब्दावर कोटी करायचा मोह होतो, पण पुण्यात ती आधीच शंभर जणांनी केली असणार.) शिवाय ते 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले आणि पुढे तो नादच लागला. त्यापायी देशभर हिंडले. पत्नी कमलाबाईंची या कामात साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला; या वस्तूंच्या संग्रहालयाला नाव दिलं ते त्याचं: 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'.

मला केळकरांचं मोठेपण दिसतं ते त्यांनी काय जमवलं यात. तलवारी, सिंहासनं, जडजवाहीर गोळा करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना पैसाही लागतो. केळकरांनी अडकित्ते जमवले! सुपारी कातरायचं साधं हत्यार, पण त्यातला एखादा घोड्याच्या आकाराचा, तर एखाद्यात दोन पात्यांच्या जागी स्त्री-पुरुषाची जोडी. अडकित्ता मिटला की ती दोघं जवळ येतात. टाचा घासायच्या पितळी वज्रीवरही कुणा कारागिराने हत्ती नाहीतर पक्षी बसवलेला. न्हाणीघरात वापरायच्या वस्तूवर एवढे कष्ट कशाला घ्यायचे? पण कुणीतरी घेतले, आणि ती मोडीत जाण्याआधी केळकरांनी उचलली. लामणदिवे, समया, सोंगट्या, दौती, नक्षीदार दरवाजे, वाद्यं हे सगळं याच वाटेने आलं. बहुतेक वस्तूंवर करणाऱ्याचं नाव नाही. मस्तानी महालाचे कोथरूडला उरलेले अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. गर्दी सगळी तिथेच होते, आणि अडकित्त्यांपुढून लोक सरळ पुढे जातात, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता शहराचं. संग्रह वाढत वाढत वीस हजार वस्तूंच्या घरात गेला. एवढं जमवलेला माणूस चांगल्या किमतीला विकू शकला असता, किंवा पोरीबाळींच्या नावे ठेवू शकला असता. केळकरांनी १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जागेअभावी यातला थोडाच भाग मांडलेला असतो, बाकीचा आत पडून. संग्रहालय पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रोडजवळ नातूबागेत आहे. जाणार असाल तर सकाळी जा, आणि मस्तानी महाल शेवटी बघा.