‘लग्ना’त वधूवर कुठून आले?

प्रश्न असा आहे: बातम्यांत कधी ‘समलिंगी विवाह’, कधी ‘समलैंगिक विवाह’ दिसतो, बरोबर कोणता? आणि ‘लग्न हा शब्दच धार्मिक, दिवाणी कायद्याने तो अशा जोडप्यांना देऊ नये, त्याने धर्मस्वातंत्र्यावर गदा येते’ हे म्हणणे कितपत खरे?

पहिल्याचे उत्तर ‘समलिंगी’. लग्न करणाऱ्यांचे लिंग समान, एवढेच सांगायचे आहे. ‘समलैंगिक’ हवे तर संबंधांना लावा.

दुसरे विधान मात्र इतक्यांदा कानी पडते की आता संताप येतो. ‘लग्न’ म्हणजे ‘लग्’ धातूवरून ‘चिकटलेले, टेकलेले’. काय टेकले? दोन जीव, असे मंगल कार्यालयातले वक्ते सांगतात आणि शब्दांचे जाणकार म्हणवणारेही तीच री ओढतात. साफ चूक! टेकते ती रास, पूर्व क्षितिजाला. त्या वेळी उगवणारी रास हे लग्न. तिच्यावरून मुहूर्त, मुहूर्तावरून विधी. म्हणून तर ‘लग्नघटिका’. पाण्यात तरंगणारे, बुडाला भोक असलेले तांब्याचे घटिकापात्र बुडाले की घटिका भरली. आणि गंमत पाहा, ‘लागणे’ हेही प्राकृत ‘लग्ग’मार्गे त्याच कुळातले; ‘लग्न लागले’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो. ‘लगत’ आणि ‘संलग्न’ ही त्याचीच भावंडे. यात कुठे वर नाही, वधू नाही. ‘विवाह’ निराळा. तो ‘वह्’चा, वाहून नेण्याचा, तिथे नेणारा आणि नेली जाणारी आलीच. म्हणून मी ‘समलिंगी लग्न’ म्हणतो.

धर्म आडवा आला तो कायद्यात. 1872च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणीच नाही असे लिहून द्यावे लागे. 1923मध्ये ही अट काहींसाठी सैल झाली, 1954च्या कायद्यात ती उरलीच नाही. आता विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना समजेल त्या भाषेत, एकमेकांना पतिपत्नी म्हणून स्वीकारल्याचे बोलायचे. (याला ‘कोर्ट मॅरेज’ही म्हणू नका, तिथे न्यायाधीश नसतो.) भटजी, काझी, पाद्री यांच्यावर यात कसलीच सक्ती नाही, मग त्यांच्या धर्मस्वातंत्र्यावर गदा येते कशी?

स्त्री-पुरुषाची अट याच 1954च्या कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे: पुरुष 21 वर्षांचा, स्त्री 18 वर्षांची. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथे हात घालायला नकार दिला आणि तो प्रश्न कायदेमंडळाचा ठरवला. संसदेने हे कलम बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.